ग्रंथालयीन गोपनीयता

ग्रंथालयीन गोपनीयता : ग्रंथालयाचा वाचक कोणते ग्रंथ नेतो, कशाचा शोध घेतो आणि ग्रंथालयातील संगणकावर काय पाहतो, यांविषयीची माहिती त्याच्या संमतीवाचून तिऱ्हाइताच्या हाती न जाऊ देण्याची ग्रंथालयाची जबाबदारी. एकेकाळी ही जबाबदारी देवघेवीच्या टेबलापुरती मर्यादित होती. संगणक, मोबाइल व आंतरजाल यांच्या प्रसारानंतर तिची व्याप्ती वाढली असून, वाचकाला स्वतःच्या माहितीचे रक्षण करण्यास शिकविणे व अवाजवी पाळतीस नकार देणे, हाही ग्रंथपालाच्या कामाचा भाग मानला जाऊ लागला आहे.

या प्रश्नाचे मर्म देवघेवीच्या जुन्या पद्धतींतच दिसून येते. नूअर्क पद्धतीत ग्रंथपत्रावर सभासदाचा क्रमांक व तारीख लिहितात. ग्रंथ परत आल्यावर ते पत्र पुन्हा ग्रंथाच्या खिशात जाते. त्यामुळे तो ग्रंथ आजवर कोणी कोणी नेला, हे पुढच्या वाचकालाही क्रमांकांवरून ताडता येते. नीना ब्राउन या अमेरिकन ग्रंथपाल महिलेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्राउन पद्धतीत वाचकाच्या खिसेवजा तिकिटात ग्रंथपत्र घालून ते तारखेवार रचून ठेवतात. ग्रंथ परत येताच दोहोंची फारकत होते. पत्र ग्रंथात जाते, तिकीट वाचकाला मिळते आणि मागे काहीही उरत नाही. कायमची नोंद राहत नाही, ही या पद्धतीची उणीव म्हणून पाठ्यपुस्तकांत सांगितली जाते. गोपनीयतेच्या दृष्टीने तोच तिचा सर्वांत मोठा गुण होय. कारण जी नोंद अस्तित्वातच नाही, ती कोणी मागू शकत नाही आणि चोरूही शकत नाही.

संगणकीय प्रणालींनी हा गुण नकळत नाहीसा केला. एखाद्या सभासदाने अनेक वर्षांत नेलेल्या सर्व ग्रंथांची यादी क्षणात पडद्यावर येऊ शकते, आणि कोणी मुद्दाम पुसल्याखेरीज ती सहसा पुसली जात नाही. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या व भारतातही अनेक ग्रंथालये वापरीत असलेल्या कोहा या मुक्त प्रणालीत परत आलेल्या ग्रंथाच्या नोंदीतून वाचकाचे नाव काढून टाकण्याची सोय आहे. परंतु ती सोय चालू करणे ग्रंथपालावर अवलंबून असते.

अमेरिकेत या तत्त्वाची कसोटी वारंवार लागली. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९३९ च्या आचारसंहितेत वाचकाच्या खाजगी माहितीच्या गुप्ततेचे कलम घातले होते. स्फोटकांवरील पुस्तके कोण नेतो, याची चौकशी १९७० मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी काही ग्रंथालयांत केली. त्यानंतर, न्यायालयीन वा तत्सम विधिवत आदेशावाचून देवघेवीच्या नोंदी देऊ नयेत, असे धोरण संघाने १९७१ मध्ये जाहीर केले. कनेक्टिकट राज्यातील चार ग्रंथपालांनी २००५ मध्ये गुप्तचर यंत्रणेच्या मागणीपत्राला न्यायालयात आव्हान दिले. असे पत्र आले आहे, हे बोलून दाखविण्यासही त्यांना मनाई होती. एडवर्ड स्नोडेन याने २०१३ मध्ये व्यापक पाळतीची कागदपत्रे उघड केल्यानंतर ॲलिसन मॅक्रिना या ग्रंथपाल महिलेने ‘लायब्ररी फ्रीडम प्रोजेक्ट’ हा उपक्रम उभा केला. त्यात ग्रंथालय कर्मचाऱ्यांना आधी स्वतः शिकवून मग त्यांच्याकरवी वाचकांना शिकविले जाते. न्यू हॅम्पशर राज्यातील लेबनन येथील किल्टन ग्रंथालयाने २०१५ मध्ये ‘टॉर’ या अनामिक संदेशवहन जालाचा एक दुवा आपल्या संगणकावर चालविला. पोलिसांच्या सूचनेनंतर तो थांबविण्यात आला. पण गावकऱ्यांची सभा होऊन ग्रंथालयाच्या मंडळाने त्याच वर्षी तो पुन्हा सुरू ठेवला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. व्यक्तिगत अंकीय माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविण्यात आली आहे. ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपल्यावर ती पुसावी, हे या अधिनियमातील तत्त्व ब्राउन पद्धतीच्या जवळचे आहे. मात्र शासकीय यंत्रणांना सूट देण्याची त्यातील तरतूद बरीच सैल आहे, ही टीका रास्त होय. तपासासाठी कागदपत्रे किंवा संगणक मागविण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये असून, त्यासाठी न्यायालयाचे समन्स किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. तोंडी विचारणेवर नोंदवही पुढे करण्याचे बंधन ग्रंथपालावर नाही, एवढी गोष्ट प्रत्येक वाचनालयात माहीत असावयास हवी.

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या अधिनियमाखाली शासनमान्यता व अनुदान मिळवितात. त्यांपैकी बहुतेक स्थानिक संस्थांनी चालविलेली असून अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली आहेत. हा अधिनियम संगणकपूर्व काळातील आहे. अनुदानासाठी वाचकांची व ग्रंथांची संख्या दाखवावी लागते. कोणी काय वाचले, हे दाखविण्याचे त्यात काही कारण नाही. तरीही सभासदत्वाच्या अर्जासोबत आधारपत्राची छायाप्रत घेऊन ती उघड्या कपाटात ठेवण्याची सवय अनेक संस्थांना लागली आहे. राहत्या पत्त्याचा साधा पुरावा व अनामत रक्कम यांवर भागत असताना असा संग्रह करणे म्हणजे नसती जोखीम पदरात घेणे होय.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील न्हावा-शेवा परिसरात या विषयाची निकड विशेष जाणवते. उरण तालुक्यातील गावांच्या जमिनी येथील बंदर व नवी मुंबई यांसाठी संपादित झाल्या. १९८४ च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. मोबदला, साडेबारा टक्के विकसित भूखंड, वारसनोंद, नोकरीतील हक्क अशा प्रत्येक कामात येथील कुटुंबांना सातबारा, आधार, बँकखाते व अंगठ्याचे ठसे यांच्या प्रती ठिकठिकाणी द्याव्या लागल्या. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर देशभरच्या किनाऱ्यावर मच्छीमारांना बोटांच्या ठशांसह ओळखपत्रे देण्याची योजना आली. करंजा, मोरा येथील कोळी बांधव समुद्रात जाताना ती बरोबर बाळगू लागले. किनाऱ्याची सुरक्षितता नाकारण्याजोगी नाही. परंतु ज्याची माहिती घेतली जाते त्याला ती कोठे जाते हे कळले पाहिजे, ही अपेक्षा त्यामुळे अवाजवी ठरत नाही. देशाच्या काही राज्यांत नोंदणीकृत खरेदीखतांवरील ठशांच्या नकला करून आधारसंलग्न खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत. जेथे जमिनीचे व्यवहार एवढे झाले, तेथे हा धोका दूरचा समजता येत नाही.

अशा ठिकाणी वाचनालयात शिकविण्याजोग्या गोष्टी साध्याच आहेत. आधारक्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत काढता येते व बहुतेक कामांना ती पुरते. ठशांची पडताळणी कुलूपबंद ठेवून गरजेपुरती उघडता येते. छायाप्रतीवर ती कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली, हे आडवे लिहावे. दूरध्वनीवर मागितलेला परवलीचा अंक कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडविण्याची शक्यता अधिक असते. मोबाइलमधील एखादी साधी विजेरीदेखील संपर्कयादी मागत असेल, तर ती नाकारावी. हे शिक्षण व्याख्यानापेक्षा शेजारी बसून, वाचकाच्याच मोबाइलवर दिले तर टिकते. त्यातही अडचण असते ती स्त्रियांची : पुष्कळदा मोबाइल घरातील पुरुषाच्या नावावर व त्याच्याच ताब्यात असतो. पाळत केवळ शासन किंवा कंपन्याच ठेवतात असे नाही, ती घरातूनही ठेवली जाते. म्हणून मुलीने कोणते पुस्तक नेले, अशी चौकशी वडिलांनी केली, तरी ग्रंथपालाने तिच्या परोक्ष यादी वाचून दाखवू नये.

सार्वजनिक संगणक ठेवणाऱ्या ग्रंथालयापुढे आणखी एक पेच असतो. २०११ च्या सायबर कॅफेविषयक नियमांनी ग्राहकाची ओळख व वापराची नोंद किमान एक वर्ष जपण्याचे बंधन घातले. कायद्यातील व्याख्या मात्र व्यवसाय म्हणून जनतेला आंतरजाल पुरविणाऱ्यांची आहे. फी न घेता ही सोय देणाऱ्या वाचनालयास ती लागू करणे तर्काला धरून नाही. अशा वाचनालयाने वापर संपताच संगणकातील इतिहास आपोआप पुसला जाईल अशी योजना करावी. संगणकाच्या पडद्यावर रोखलेला सुरक्षा-कॅमेरा असेल, तर त्याचे तोंड दरवाजाकडे वळवावे.