वर्गातील शिस्त : आधी शरीर, मग स्वभाव

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला की आमच्या दवाखान्यात एका निराळ्या तक्रारीची मुले येऊ लागतात. ताप नसतो, खोकला नसतो. पालक शाळेची डायरी पुढे ठेवतात. तीत लाल शाईने शेरे असतात : 'वर्गात लक्ष नाही', 'सतत जागेवरून उठतो', 'सांगितलेले ऐकत नाही'. पाठोपाठ मागणी येते, ''डॉक्टर, याला एखादे टॉनिक लिहून द्या.''

शिस्तीचे टॉनिक अद्याप निघालेले नाही. तरीही ती डायरी डॉक्टरांना दाखवणे योग्यच आहे. कारण बेशिस्त वाटणाऱ्या वागण्याचे मूळ पुष्कळदा शरीरात सापडते.

'ऐकत नाही' हाच शेरा घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या काही मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठून राहतो. कान फुटत नाही, बहुधा दुखतही नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. घरात जवळून बोललेले मुलाला कळते. पण वर्गाच्या गलबल्यात, बाईंनी फळ्याकडे तोंड करून दिलेली सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मग ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि त्याबद्दलही बोलणी खाते. जागेवरून उठणाऱ्या मुलाला कदाचित फळा अंधूक दिसत असेल. सर्वांना आपल्यासारखेच दिसते असे लहान मूल गृहीत धरते. त्यामुळे ते तक्रारही करत नाही.

एखादे मूल बोलता बोलता काही सेकंद थबकते, नजर स्थिर होते, हाकेला ओ देत नाही आणि लगेच, काही घडलेच नाही असे, पुढचे काम करू लागते. दिवसातून अनेकदा असे होत असेल तर तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. त्यावर परिणामकारक औषधे आहेत. 'कुठे हरवलास?' असे ओरडण्याने मात्र तो थांबत नाही.

झोपेचा हिशेबही तपासावा. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने मोठी माणसे पेंगतात. लहान मुले पुष्कळदा उलट अधिक चंचल आणि चिडखोर होतात. मुलांची झोप पुरी होत नाही हे ध्यानात घेऊनच महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 पूर्वी न भरवण्याचे ठरवले. जे मूल रात्री घोरते, तोंडाने श्वास घेते, त्याची नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. याखेरीज न्याहारी न करता शाळेत जाणे, रक्तक्षय, जंत, बद्धकोष्ठता आणि अस्वच्छ शौचालयामुळे लघवी रोखून धरणे ही चुळबुळीची नेहमीची कारणे आहेत.

मात्र प्रत्येक चंचल मुलावर 'अतिचंचलते'चा शिक्का मारू नये. हे निदान करण्यासाठी लक्षणे 12 वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, किमान सहा महिने टिकावी लागतात आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसावी लागतात. ते काम तज्ज्ञांचे आहे.

आता शिक्षेविषयी. शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. वैद्यकीय बाजूही तितकीच स्पष्ट आहे. कानाखाली मारल्याने कानाचा पडदा फाटू शकतो. अतोनात उठाबशांमुळे स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. भीतीने हृदयाची गती वाढते, शरीर पळण्याच्या पवित्र्यात जाते. अशा अवस्थेत आठवणे आणि विचार करणे दोन्ही अवघड होते. भ्यायलेले मूल गप्प बसते, इतकेच. आणि ज्याला बसवत नाही त्याचीच मधली सुट्टी काढून घेणे, हे तर तहानलेल्याचे पाणी तोडण्यासारखे आहे.

मग शिस्त कशी लागते? नियम मोजके असावेत आणि काय करायचे ते सांगणारे असावेत. 'धावू नका' यापेक्षा 'व्हरांड्यातून चालत जा' हे सात वर्षांच्या मुलाला अधिक नेमके समजते. 'शाबास' या मोघम शब्दापेक्षा 'हात वर करून थांबलीस, हे छान केलेस' हे कौतुक उपयोगी पडते. दर तासात दोन मिनिटे उभे राहून हातपाय हलवू द्यावेत. अस्वस्थ मुलाकडे वह्या वाटण्याचे काम सोपवावे.

1969 साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील एका चौथीच्या वर्गाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गाचे दोन संघ केले. नियम मोडला की संघाच्या नावे फळ्यावर खूण होई. खुणा मर्यादेत राहिल्या तर दोन्ही संघ जिंकू शकत. बक्षीस म्हणजे थोडा मोकळा वेळ आणि तत्सम लहानशा सवलती. वर्गातला गोंधळ झपाट्याने घटला. खेळ थांबवताच पुन्हा वाढला. प्रतिजैविकांचा क्रम अर्धवट सोडू नये असे आम्ही बजावतो, तेच इथेही लागू आहे. चार दिवस प्रेमाने वागून पाचव्या दिवशी छडी काढली, तर गुण येत नाही.

यात आपलाही वाटा आहे. 'थांब, बाईंनाच सांगते' ही धमकी घरात देऊ नका. त्याने शिक्षिका मुलाच्या मनात शत्रू होते. डायरीत शेरा आला तर शिक्षिकेला शांतपणे विचारा : हे कोणत्या तासाला होते? डबा खाण्याआधी की नंतर? मागच्या बाकावर असताना की पुढच्या? या तीन उत्तरांवरून आम्हाला निदानाची दिशा मिळते. शासकीय आणि अनुदानित शाळांत 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'चे पथक तपासणीला येते. त्या दिवशी मुलाची शाळा बुडवू नका. डोळे, कान, हिमोग्लोबिन आणि आठवडाभराच्या झोपेची नोंद एवढे आधी पाहून घ्या. त्यात काही सापडले नाही, तर स्वभावाविषयी अवश्य बोलू.