नऊ मीटर रस्त्याची वाटणी

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी अशा भागांत मुख्य रस्ता सोडून आत वळलं की बरेचदा नऊ मीटरचा रस्ता लागतो. लोक त्याला अजूनही तीस फुटी म्हणतात. दोन्ही बाजूंना सोसायट्या, एखादं किराणा दुकान, इस्त्रीवाला, कोपऱ्यावर दवाखाना. याच रस्त्यावर मुलं सायकल शिकतात, म्हातारी माणसं संध्याकाळची फेरी मारतात, आणि चौकातला सिग्नल चुकवायला निघालेली मोटारही याच रस्त्याने पन्नासच्या वेगाने जाते. असा रस्ता पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला सुरक्षित कसा करतात, ते सावकाश पाहू.

आधी वेगाचं गणित. समोर मूल आलेलं दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरने चाललेली गाडी त्या सेकंदात ८ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३ मीटर. ताशी ५० ची गाडी त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर जाते आणि थांबायला आणखी १४ मीटर घेते. म्हणजे ३० ची गाडी जिथे थांबलेली असते, तिथे ५० च्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. १३ मीटरवर उभ्या असलेल्या मुलाला पहिली गाडी स्पर्शही करत नाही, दुसरी पूर्ण वेगाने धडकते. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती ३० च्या तुलनेत पावणेतीन पट होते. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि वाहनं एकत्र येतात तिथे कमाल वेग ३० असावा असं म्हटलं गेलं, त्यामागे हेच गणित आहे. आपल्याकडे मात्र २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने महापालिका हद्दीत मोटारींसाठी ७० पर्यंतची कमाल मर्यादा ठरवली. राज्याला आणि स्थानिक यंत्रणेला ती खाली आणता येते, पण आतल्या रस्त्यांसाठी तसा आग्रह फारसा कोणी धरत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

मग '३०' ची पाटी लावली की झालं का? नाही. गाडी चालवणारा पाटी वाचून वेग धरत नाही. रस्ता किती रुंद आहे, किती सरळ आहे, किती लांबवर मोकळा दिसतो, हे पाहून त्याचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो किंवा सैल होतो. म्हणून काम करायचं ते रस्त्याच्या आकारावर.

पहिली पायरी रुंदीच्या वाटणीची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे निवासी भागात पदपथावर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघून जातील. मोकळी म्हणजे खरोखर मोकळी. डीपी बॉक्स, विजेचा खांब, जाहिरातीचा फलक यांनी अडवलेली जागा त्यात धरायची नाही. दोन्ही बाजूंचे पदपथ मिळून ३.६ मीटर गेले की नऊपैकी ५.४ मीटर उरतात. त्यात दोन मोटारी हळू चालत एकमेकींना ओलांडू शकतात, पण मग पार्किंगला जागा राहत नाही. एका बाजूला मोटारी उभ्या करायच्या तर त्यांना दोन मीटर लागतात आणि वाहतुकीला ३.४ मीटर उरतात. म्हणजे रस्ता एकदिशा करावा लागतो. दोन्ही बाजूंना पार्किंग, दोन्ही दिशांची वाहतूक आणि पदपथ हे सगळं नऊ मीटरमध्ये बसत नाही. आज ते बसवलं जातं ते पदपथ खाऊनच, आणि माणसं गाड्यांच्या बाहेरच्या अंगाने, ऐन वाहतुकीतून चालतात. सोसायटीच्या बैठकीत हा हिशेब आधी फळ्यावर मांडावा. निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण काय सोडायचं हे सगळ्यांना दिसतं.

पुण्यातल्या पी-१, पी-२ पार्किंगचाही इथे उपयोग होऊ शकतो. सध्या सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लागतात. त्याऐवजी रस्त्याच्या पहिल्या निम्म्या भागात कायम डावीकडे आणि पुढच्या निम्म्यात कायम उजवीकडे पार्किंग दिलं, तर वाहतुकीची वाट मधेच सरकते. लांबवर दिसणारी सरळ रेषा मोडते आणि चालवणारा आपसूक हळू होतो. खर्च फक्त रंगाचा आणि पाट्यांचा.

आता कोपरा. आतल्या रस्त्यावर माणसाला वळणाऱ्या गाडीचा मोठा धोका असतो, आणि कोपरा जितका मोठ्या गोलाईचा, तितकी गाडी वेग न मोडता वळते. शिवाय ओलांडायचं अंतरही वाढतं. मुख्य रस्त्याच्या कडेने चालत येऊन, मीटरभर आतून हा ५.४ मीटरचा रस्ता ओलांडणारा माणूस घ्या. कोपऱ्याची त्रिज्या ३ मीटर असेल तर त्याला सुमारे ७ मीटर चालावं लागतं. त्रिज्या १० मीटर असेल तर जवळजवळ १७ मीटर. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या आजीबाई पहिल्या कोपऱ्यावर सात सेकंद रस्त्यात असतात, दुसऱ्यावर सतरा. कोपरा लहान केला तर आगीचा बंब किंवा कचऱ्याची गाडी वळणार कशी, हा प्रश्न लगेच येतो आणि तो रास्त आहे. उत्तर असं, की कोपऱ्यावर खडबडीत दगडी फरशीचा, जेमतेम उंचीचा पट्टा ठेवायचा. मोठ्या गाडीचं चाक त्यावरून जातं, पण मोटार त्याच्या बाहेरूनच वळते.

कोपऱ्यावर किती जागा फुकट गेली आहे ते शोधायला सर्वेक्षण लागत नाही. पावसाळा संपल्यावर दोन-चार आठवड्यांनी जाऊन बघा. चाकं जिथून फिरतात तिथे डांबर काळं, घासलेलं दिसतं. जिथे चाक कधी जातच नाही तिथे वाहून आलेली माती, बारीक खडी आणि पाला साचून राखाडी त्रिकोण तयार झालेला असतो. तो त्रिकोण पदपथाला जोडून टाकला तर एकाही गाडीचं काही बिघडत नाही. खडूने त्याची बाहेरची कड आखून फोटो काढून ठेवा. अभियंत्यापुढे याहून चांगला पुरावा नाही.

फाटकांपाशी तर पदपथ मरतो. सोसायटीच्या प्रत्येक फाटकाला मोटारीसाठी पदपथ उतरवलेला असतो, म्हणून शंभर मीटरमध्ये माणसाला सात-आठ वेळा खाली-वर करावं लागतं. गुडघे दुखणारा माणूस शेवटी पदपथ सोडतो आणि रस्त्याच्या कडेने चालू लागतो. मग पदपथ कोणी वापरत नाही, असं म्हणत तिथे दुचाक्या लागतात. योग्य रचना याच्या उलट आहे. पदपथ फाटकासमोरूनही त्याच उंचीवर, त्याच फरशीने सलग जाऊ द्यायचा आणि चढ-उतार गाडीने करायचा, तोही पदपथाच्या बाहेरच्या अंगाला दिलेल्या छोट्या उतारावरून. कर्ब १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर तो उतार फार तीव्र होतो आणि लोक फाटकासमोर सिमेंटचे ढीग घालून घेतात. फरशी सलग दिसली की गाडीवाल्यालाही कळतं की आपण माणसांच्या जागेतून जात आहोत.

स्पीडब्रेकरबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, वर हलकी गोलाई, ताशी २५ ने सुखाने पार होईल असा. प्रत्यक्षात गल्लोगल्ली दिसतो तो फूट-दीड फूट रुंदीचा डांबराचा उंचवटा किंवा खिळ्यांनी ठोकलेली रबरी पट्टी. त्याने सावकाश जाणाऱ्या रिक्षातल्या गरोदर बाईला हिसका बसतो, सायकलवाल्याचं हँडल हलतं, आणि मोठ्या चाकांची एसयूव्ही मात्र न थांबता निघून जाते. रबराचा तुकडा निघाला की खिळे तेवढे वर राहतात. कडेला फट असेल तर दुचाक्या तिथून घुसतात, म्हणजे नेमक्या चालणाऱ्याच्या अंगावर.

त्याऐवजी शाळा, दवाखाना, बाग अशा ठिकाणी आख्खं क्रॉसिंगच पदपथाच्या उंचीला आणावं. माथा सपाट, दोन्ही बाजूंना उतार. चालणाऱ्याला खाली उतरावं लागत नाही, व्हीलचेअर आणि बाबागाडी सरळ पार जाते, आणि गाडीचा वेग उतरतो. एक काळजी घ्यावी लागते, आणि ती घेतली नाही म्हणून अशी चांगली कामं पहिल्या पावसातच बदनाम होतात. उंचवटा पाण्याची वाट अडवतो. म्हणून चढाच्या वरच्या अंगाला पाणी खेचून घेणारी जाळी आणि खालून पुरेसा पाइप आधी टाकायला हवा. वर दिवाही हवा, तो झाडाच्या फांदीत लपलेला नको.

सायकलचं सांगायचं तर आतल्या रस्त्यावर वेगळ्या सायकल ट्रॅकचा आग्रह मी धरणार नाही. वेग खरोखर ३० च्या आत आला की सायकल आणि मोटार एकाच वाटेने नीट चालतात. ट्रॅक लागतो तो मोठ्या रस्त्यावर, आणि तिथे तो सलग लागतो. कधीकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याने बीआरटीच्या, म्हणजे बससाठीच्या राखीव मार्गिकांच्या वेळी केलेले तुटक ट्रॅक पाहिलेले आहेत. आत सायकलवाल्याला हवा असतो सपाट पृष्ठभाग. दर डांबरीकरणाला रस्ता वर चढतो आणि ड्रेनेजचं चेंबर खड्ड्यात जातं. पावसाळी जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असल्या तर सायकलचा बारीक टायर त्यात अडकून माणूस थेट तोंडावर पडतो. त्या पट्ट्या आडव्या बसवायला जादा पैसा लागत नाही, काम करताना कोणी तरी तिथे उभं असावं लागतं.

एवढं केलं तरी बाहेरची वाहतूक आत येत राहिली तर उपयोग अर्धाच. मोबाइलवरचा नकाशा चौक तुंबला की गाड्या गल्लीत वळवतो. त्यावरचा उपाय नेदरलँड्सच्या डेल्फ्ट शहरात १९७० च्या आसपास रहिवासी रस्त्यांवर सुरू झाला आणि १९७६ मध्ये तिथल्या कायद्यात आला. रस्ता राहणाऱ्यांचा, गाडी तिथे पाहुणी. बार्सिलोनाने २०१६ मध्ये पोब्लेनौ भागात नऊ चौकोनांचा एक मोठा ठोकळा करून आतली आरपार वाहतूक बंद केली. आत राहणाऱ्याची गाडी घरापर्यंत जाते, पण शिरली त्याच बाजूने बाहेर पडते. आपल्याकडे हे एकदिशा मार्ग उलटसुलट जुळवून किंवा रस्त्याच्या मध्यावर काढता येणारे खांब लावून करता येतं. आपली अडचण दुचाकीची आहे. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही जाते. म्हणून खांबांवर विसंबून चालत नाही, तिथे उंच क्रॉसिंग आणि अरुंद वाट यांची जोड द्यावीच लागते.

हे सगळं पक्कं करण्याआधी करून बघावं. वाहतूक पोलिसांची परवानगी घेऊन आठ-पंधरा दिवस फक्कीने रेषा मारायच्या आणि शंकू किंवा कुंड्या ठेवायच्या. कचऱ्याची गाडी अडली, दुकानदाराचा टेम्पो वळला नाही, तर कुंडी दोन फूट सरकवता येते. सिमेंट सरकवता येत नाही. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, तेव्हा भर गर्दीचा रस्ता दिवसभर गाड्यांशिवाय चालताना लोकांनी पाहिला आहे. गल्लीतला प्रयोग त्याहून पुष्कळ सोपा.

प्रयोगाआधी आणि नंतर वेग मोजा. रस्त्यावर ५० मीटर टेपने मोजून दोन्ही टोकांना खूण करा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. ते अंतर ६ सेकंदांत कापणारी गाडी ३० ने चालली आहे, ३.६ सेकंदांत कापणारी ५० ने. तासाभरात वहीत पुरेशा नोंदी होतात. "गाड्या फार जोरात जातात" या तक्रारीपेक्षा, अमुक वाजता इतक्या गाड्या ४ सेकंदांच्या आत गेल्या, हा कागद क्षेत्रीय कार्यालयात वेगळ्या पद्धतीने वाचला जातो.

अर्ज कुठे करायचा? रस्त्याची रचना महापालिकेच्या पथ विभागाकडे, एकदिशा मार्ग आणि पार्किंग वाहतूक पोलिसांकडे. दोघांनाही एकाच नकाशासह अर्ज द्यावा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. छोट्या कामांसाठी पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची सोय आहे. अर्जात सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या आदेशाचा उल्लेख जरूर करा. अडथळा नसलेल्या पदपथावरून चालणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

आणि वेळ साधा. तुमच्या गल्लीत ड्रेनेजची किंवा पाण्याची लाइन टाकायला खोदाई सुरू झाली, की पाठोपाठ काँक्रीटीकरण येतं, आणि एकदा पडलेलं काँक्रीट पुढची पंधरा-वीस वर्षं कोणी हलवत नाही. कोपऱ्याची त्रिज्या, फाटकासमोरचा पदपथ, चेंबरची पातळी, जाळीच्या पट्ट्यांची दिशा हे सगळं त्या चार-सहा आठवड्यांत ठरतं. तेव्हा जेसीबी दिसल्याच्या दिवशीच कनिष्ठ अभियंत्याला गाठा आणि रस्त्याचा आडवा छेद दाखवणारा नकाशा मागून घ्या.