ऑपरेशनच्या आधीचा एक प्रश्न

ऑपरेशन म्हटलं की आपण काय काय विचारतो? सर्जन कोण, खर्च किती, मेडिक्लेममध्ये बसतं का आणि ऑफिसला किती दिवस दांडी! पण तुमचं गाव भंडारा जिल्ह्यात असेल, तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर कुठलंही, तर यादीत आणखी एक प्रश्न हवाच. सिकलसेलची टेस्ट झालीय का?

हा काही फक्त बायोलॉजीच्या पुस्तकातला आजार नाही. शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. पूर्व विदर्भातल्या काही समाजांमध्ये वाहकांचं प्रमाण १० टक्क्यांच्याही वर आहे. तरीही 'आपल्याला कसा असेल?' हा ॲटिट्यूड काही जात नाही.

माझा मावसभाऊ पवनीचा. वय २६, हिंजवडीत नोकरी. पित्ताशयात खडे निघाले. घरची माणसं जवळ हवीत म्हणून ऑपरेशन भंडाऱ्यात करायचं ठरलं. या वयात खडे कसे, हा प्रश्न भुलीच्या डॉक्टरांना पडला आणि त्यांनी तारीख देण्याआधी रक्त तपासायला सांगितलं. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली. पण ती वाहकाचीही येते आणि रुग्णाचीही, म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस. रिपोर्ट आला 'एसएस', म्हणजे रुग्ण. लहानपणापासून हातपाय ठणकायचे, ते 'वाढीचं दुखणं' नव्हतं तर!

कोयत्यासारख्या पेशी

या आजारात ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्या लवकर फुटतात, बिलिरुबिन वाढतं आणि त्यातून खडे होतात. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, जंतुसंसर्ग हे सगळे या पेशींचे दुश्मन. आणि ऑपरेशनमध्ये नेमके हेच सगळे एकत्र येतात: उपाशीपोट, थंडगार एसी, भूल, वेदना.

म्हणून तयारी वेगळी लागते. उपवासाच्या वेळेत सलाईन चालू. ऑपरेशनच्या टेबलावर अंग उबदार. गरजेप्रमाणे आधी रक्त. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टॅप्स' या अभ्यासात आधी रक्त न दिलेल्या रुग्णांपैकी ३९ टक्क्यांना गुंतागुंत झाली, दिलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. अर्थात रक्त कुणाला आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार.

टाके घातले, काम संपलं?

मुळीच नाही! खरी कसोटी पुढच्या दोन-तीन दिवसांची. या काळात छातीत दुखणं, धाप, ताप अशी लक्षणं दिसली तर 'ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम'ची शंका घ्यायची, आणि तो जिवावर बेतू शकतो. वेदना दाबून ठेवली की माणूस खोल श्वास घेत नाही, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, ऑक्सिजन घसरतो. म्हणून वेदनाशामक औषध वेळेवर हवं. भावाला तीन बॉलचं फुंकणीयंत्र दिलं होतं, दर तासाला खोल श्वास ओढायला. वॉर्डातल्या सिस्टर येता-जाता म्हणायच्या, ''पानी पेत राय, बाबू!'' दुसऱ्या दिवशी तो कॉरिडॉरमध्ये चालत होता. मावशी मात्र चादर घेऊन मागे मागे.

तुमच्यासाठी चेकलिस्ट

• टेस्ट आधीच करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे.
• फक्त वाहक असाल तर घाबरू नका, पण भुलीच्या डॉक्टरांना सांगाच.
• उपाशी राहायचं म्हणजे नेमकं कधीपासून, पाणी कुठवर चालेल, हे विचारा.
• रक्ताची सोय आणि अतिदक्षता विभाग आहे का? नसेल तर नागपूर साठेक किलोमीटरवर आहे, तारीख ठरवतानाच बोला.
• डिस्चार्ज घेताना फोन नंबर आणि 'कधी परत यायचं' याची लक्षणं कागदावर लिहून घ्या.

आणि हो, पाकिटात क्रेडिट कार्ड असतं तसं सिकलसेलचं कार्डही ठेवा. अचानक ॲडमिट व्हायची वेळ आली तर उत्तर द्यायला तुम्ही शुद्धीत असालच असं नाही.