चिरलेल्या पत्थराचे गणित

आटलेल्या बोअरमध्ये दाबाने पाणी सोडून पत्थराच्या चिरा मोकळ्या करण्यास जलभंजन म्हणतात. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ते करीत आली आहे.

हिशेब अडतो तो एका ठिकाणी. आपला काळा पत्थर मुळातच सांध्यांनी चिरलेला. नवी चीर सांध्यापाशी पोचली की पुढे काय? सांधा काटकोनात आडवा आणि खरबरीत असेल, तर ती सहसा ओलांडते. तिरपा, निसरडा असेल तर पाणी त्यातच वळते. म्हणून संगणकात खडकाचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येक सांध्यावरचा दाब पायरीपायरीने काढतात. सांध्यांचा नकाशाच चुकला, तर हुशार हिशेबनीसही काय करणार!

भातकुलीस मात्र हा उपाय नव्हे. आपण पूर्णेच्या गाळावर, खारपाणपट्ट्यात बसलो आहोत. इथे पाणी आहे, पण खारे. गाळाला चीर पाडून ते गोडे होत नाही. कोणी जलभंजनाचे बिल पुढे केले, तर बोअरला खाली काय लागले, एवढे आधी विचारा.