स्टार्टर की रिलीव्हर? माणूस तोच, जागा कोणती?

व्हिडिओत 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या कॉम्प्युटर गेमचं उदाहरण आलं होतं. आज तेच जरा सविस्तर बघूया.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकतो तो पिचर. सामना सुरू करून पाच-सहा इनिंग खेचतो तो स्टार्टर. नंतर येऊन बहुतेक वेळा एखादीच इनिंग टाकतो तो रिलीव्हर. रिलीव्हरला दम राखून ठेवायचा नसतो, तो पूर्ण जोर लावतो. म्हणून गेममध्ये त्याचा 'स्टफ' हा आकडा जास्त दिसतो. त्यालाच स्टार्टर केलं की आकडा खाली येतो. नवीन खेळाडू फसतात ते इथेच!

बदल करण्याआधी तीन गोष्टी तपासा:

१. चेंडूचे प्रकार किती? स्टार्टरला तेच बॅटर दोन-तीनदा भेटतात. किमान तीन चांगले प्रकार हवेतच. रिलीव्हरचं दोनांवर भागतं.

२. स्टॅमिना किती? कमी असेल तर तो लवकर थकतो आणि उरलेला भार बाकीच्यांवर पडतो.

३. टीमला गरज कशाची? चांगला स्टार्टर वर्षाला १८० इनिंग देतो, क्लोझर साधारण ६०-७०. म्हणजे चांगल्या स्टार्टरला उगाच रिलीव्हर केलं तर तोटा तुमचाच.

खऱ्या मैदानावरही हे घडलंय. डेनिस एकर्सली आधी स्टार्टर होता. १९८७ मध्ये ओकलंडला आल्यावर तो रिलीव्हर झाला आणि १९९२ मध्ये साय यंग आणि एमव्हीपी हे दोन्ही पुरस्कार त्याने घेतले. जॉन स्मोल्ट्झ कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर क्लोझर झाला. २००२ मध्ये त्याने ५५ सेव्ह केले आणि २००५ मध्ये पुन्हा स्टार्टर होऊन २२९ इनिंग टाकल्या. पण लक्षात घ्या, स्मोल्ट्झ मुळात कसलेला स्टार्टर होता. प्रत्येक रिलीव्हरला हे जमत नाही.

आता आपल्या दुकानाकडे या. संध्याकाळच्या गर्दीत तासभर काउंटर झकास सांभाळणारा मुलगा दिवसभर दुकान चालवेलच असं नाही. खरेदी, उधारी, हिशेब, तक्रारी, ही सगळी कामं त्याला येतात का? दिवसभर टिकतो का? नसेल, तर बढतीच्या नावाखाली तुम्ही चांगला माणूस वाया घालवाल आणि कदाचित गमवालही.

आजचं काम: प्रत्येक कर्मचाऱ्यापुढे हे तीन प्रश्न लिहा. उत्तरं आल्यावरच जागा बदला. आणि बदललीच, तर आधी आठवडाभर करून बघा!