झाकलेली गाडी का गंजते?

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची गेली. पण वडिलांच्या काळातली पद्मिनी आजही कुणाकुणाच्या अंगणात जपून ठेवलेली दिसते. पावसाळा आला की मालक तिला प्लास्टिकच्या कापडात घट्ट गुंडाळतात आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करतात. हे सारे मायेपोटीच. तरीही पत्र्यावरच्या रंगाला फोड येतात, सायलेन्सरला भोके पडतात. असे का व्हावे?

लोखंड गंजण्यासाठी ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात, हे आपण वर्गात शिकवतो. मात्र हे पाणी डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर पाण्याचा अतिशय पातळ थर जमतो आणि गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. पत्र्यावर मीठ असेल तर त्याहून कमी आर्द्रताही पुरते, कारण मीठ हवेतील बाष्प ओढून घेते.

आता प्लास्टिककडे पाहू. जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते आणि कापडाखाली अडकते. आतली हवा 30 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर रात्री पत्रा 26 अंशांपर्यंत निवताच त्यावर दव धरू लागते. वारा लागत नसल्याने ते लवकर वाळत नाही.

इंजिनचे काय? पेट्रोलमधील ऑक्टेनचे उदाहरण घेऊ. 114 ग्रॅम ऑक्टेन जळून 162 ग्रॅम पाणी तयार होते. म्हणजे एक लिटर पेट्रोलपासून जवळजवळ एक लिटर पाणी! लांबच्या प्रवासात तापलेल्या सायलेन्सरमधून ते वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत सायलेन्सर तापत नाही. पाणी आतच साठते.

म्हणून गाडी ठेवण्यापूर्वी खालून-वरून धुऊन पूर्ण वाळवावी, मेण लावावे, छपराखाली कोरड्या फरशीवर ठेवावी आणि हवा खेळेल असे सुती कापड घालावे. इंजिन चालवायचेच तर गाडी अर्धा तास फिरवून आणावी.

वर्गात हे सहज पडताळता येईल. तेल पुसलेले साधे लोखंडी खिळे घ्या. झाकणाच्या एका बरणीत ओला कापूस ठेवून वर खिळा दोऱ्याने टांगा. दुसरीत कापसाऐवजी सिलिका जेल ठेवा. आठ दिवसांनी मुलांनाच विचारा: दोन्ही बरण्या बंद होत्या, मग एकच खिळा का गंजला?