थोडं तापलं तर बिघडलं कुठे?

विदर्भात ‘कूलर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो खिडकीला टेकवलेला पत्र्याचा डबा, त्याच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या आणि तळातलं पाणी वर चढवणारी छोटी मोटार. डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरवर बसवतात त्या वस्तूलाही कूलरच म्हणतात, आणि गंमत म्हणजे दोघांची युक्तीही एकच: पाण्याची वाफ होताना ते उष्णता उचलतं. पण खिडकीतला कूलर ती वाफ हवेत सोडून देतो, म्हणून खोलीत येणारी हवा बाहेरच्यापेक्षा गार असते. प्रोसेसरवरच्या कूलरमधलं पाणी तांब्याच्या बंद नळीत कोंडलेलं असतं. त्याची वाफ होते, ती गार टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन माघारी फिरते, आणि उचललेली उष्णता शेवटी खोलीतल्याच हवेच्या पदरात पडते. त्यामुळे हा कूलर कितीही महागाचा असला तरी प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोलीपेक्षा किती अंश वर ठेवायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. विकत घेणारे बहुतेक जण हा आकडा कमीत कमी कसा राहील ते बघतात. ज्याला शांत संगणक हवा आहे त्याने तो मुद्दाम थोडा वाढू द्यावा, असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी उष्णता चिपपासून हवेपर्यंत कशी जाते ते पाहायला हवं. चिपवर धातूचं झाकण, झाकणावर पेस्टचा पातळ थर, त्यावर कूलरचा तांब्याचा तळ, तळातून निघालेल्या नळ्या, म्हणजे हीट पाइप, आणि नळ्यांवर ओवलेल्या अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. या नळीचं एक पेटंट १९४० च्या दशकात जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी घेतलं होतं, पण ती खरी मार्गी लागली १९६३ मध्ये, अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती नव्याने घडवल्यावर. आधी अंतराळयानांना तिचा उपयोग झाला. आज ती आपल्या टेबलाखाली काम करते. या साखळीतली जवळजवळ प्रत्येक कडी मजबूत आहे. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या आसपास, अॅल्युमिनियमची त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. शेवटची कडी मात्र हवेची, आणि स्थिर हवेचा आकडा त्याच मापात जेमतेम ०.०२६ आहे. म्हणजे अडतं ते धातूपाशी नाही, हवेपाशी. हवेकडून काम करून घ्यायचे दोनच मार्ग आहेत: तिला स्पर्श करायला भरपूर पृष्ठभाग द्यायचा, नाहीतर तिला जोरात ढकलायचं. पहिला मार्ग जागा आणि पैसे मागतो, दुसरा आवाज करतो.

हा आवाज किती झपाट्याने वाढतो याची कल्पना सहसा नसते. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या तर हवाही साधारण निम्मीच वाहते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की माणसाच्या कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे हवेत निम्म्याची तूट सोसून आवाजात त्याहून बरंच जास्त पदरात पडतं. आणि हवा निम्मी झाली म्हणून प्रोसेसरचं तापमान काही दुप्पट होत नाही. पट्ट्यांचा पसारा मोठा असेल आणि काम साधारण असेल, तर वेग निम्मा केल्याने वाढ होते ती बहुतेक वेळा एक आकडी अंशांची. ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर ७७ वर चालला, आणि बदल्यात मिनिटाला १५०० फेऱ्यांची घरघर ७५० फेऱ्यांच्या कुजबुजीवर आली. इतका स्वस्त सौदा संगणकाच्या खरेदीत दुसरा सापडणं कठीण. मोठ्या पंख्याचं महत्त्वही यातच आहे. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ ९२ मिलिमीटरच्या पंख्याच्या १.७ पट असतं, त्यामुळे तेवढीच हवा तो आरामात फिरत हलवू शकतो.

इथे लगेच शंका येते: तापून प्रोसेसर लवकर मरणार नाही का? उष्णतेने सिलिकॉन झिजतं हे खोटं नाही, पण ते कुठल्या तापमानाला किती झिजतं याचा हिशेब करूनच मर्यादा ठरवलेल्या असतात. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांना १०० अंशांपर्यंत मुभा आहे. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांकडे स्वतःहून जातात. कूलर चांगला असला तर तापमान उतरण्याऐवजी ते वेग वाढवतात, आणि कंपनी म्हणते की हेच अपेक्षित आहे. मर्यादा ओलांडायची वेळ आली तर प्रोसेसर जळत नाही, आपला वेग कमी करतो. म्हणून नेहमीच्या जड कामात ७५-८० अंश दिसले तर घाबरण्याचं कारण नाही. ५५ अंशांचा हट्ट धरणारा माणूस न वापरलेल्या वीस-पंचवीस अंशांची किंमत कानाने मोजत असतो.

दुसरी शंका विदर्भातूनच येईल, आणि ती वजनदार आहे. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कूलरच्या परीक्षणांतले आकडे बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत काढलेले असतात. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ १५ अंशांनी चढतो, त्याला सूट नाही. परीक्षणात ६५ दिसलेला प्रोसेसर ३८ अंशांच्या खोलीत ८० वर असेल. हे मान्य करूनही निष्कर्ष बदलत नाही, उलट पक्का होतो: आपल्याकडे कूलर गरजेपेक्षा एक पायरी मोठा घ्यायचा तो उन्हाळ्याच्या याच दोन महिन्यांसाठी. उरलेले दहा महिने ती पायरी शांततेच्या खात्यावर जमा होते.

पण गरज किती, ते खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावरून ठरवू नये. इंटेल कोअर आय५-१२४०० ‘६५ वॅटचा’ म्हणून ओळखला जातो; जोरात असताना तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. कोअर आय९-१३९००के च्या नावावर १२५ वॅट आहेत, कमाल आकडा २५३. पत्रे, हिशेब, ब्राउझर, चित्रपट एवढंच काम असेल तर पहिल्या प्रोसेसरला फार काही लागत नाही. सोबत फुकट येणाऱ्या छोट्या कूलरवरही तो चालतो, फक्त काम वाढलं की तो छोटा पंखा भणभणू लागतो. दुसऱ्याला पूर्ण मोकळं सोडलं तर कुठलाच कूलर त्याला शांतपणे सांभाळू शकणार नाही. अशा वेळी कूलरवर आणखी पैसे ओतण्याआधी बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये जाऊन विजेची कमाल मर्यादा खाली आणावी. प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून शेवटचे काही टक्के वेग मिळवायला तो अवाच्या सवा वीज खातो. त्या थोड्या वेगावर पाणी सोडलं की उष्णता भराभर उतरते. एएमडीच्या बोर्डांवर ‘इको मोड’ नावाने हीच सोय तयार मिळते. शांततेसाठी केलेला हा पहिला खर्च शून्य रुपयांचा आहे, आणि दुकानदार तो सहसा सुचवत नाही.

आता प्रत्यक्ष खरेदी. ६५ वॅट गटातल्या प्रोसेसरला चार नळ्यांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा एकेरी टॉवर (पट्ट्यांचा एकच उभा गठ्ठा), उदाहरणार्थ डीपकूलचा एके४००, पुरून उरतो. व्हिडिओ संपादन, मोठे खेळ, तासन्‌तास चालणारं रेंडरिंग असं काम असेल तर सहा नळ्यांचा दुहेरी टॉवर घ्यावा. या वर्गात बरीच वर्षं ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा २०१४ चा एनएच-डी१५ हा मानदंड मानला गेला. मग थर्मलराइटच्या पिअरलेस अॅसॅसिन १२० एसई सारखे कूलर त्याच्या किमतीच्या एका अंशात बाजारात आले आणि तापमानात त्याच्या बरेच जवळ पोचले. नॉक्टुआमध्ये जास्तीचे पैसे जातात ते पंख्याच्या घडणीला, बसवण्याच्या सुबक सामानाला आणि लांब हमीला. त्यांना मोल आहे, पण नुसती शांतता हवी असेल तर ते द्यायलाच हवेत असं नाही. या दोन कूलरांच्या माहितीपत्रकांत पूर्ण वेगाचा आवाज अनुक्रमे २४.६ आणि २५.६ डेसिबल छापलेला आहे. या एका डेसिबलवरून निवड करू नये. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने मोजते, आणि आपण तो पंखा पूर्ण वेगाने चालवणारच नसतो.

डेसिबलपेक्षा मिलिमीटर जास्त कामाचे. एनएच-डी१५ ची उंची १६५ मिलिमीटर, पिअरलेस अॅसॅसिनची १५५. कॅबिनेटच्या माहितीत कूलरसाठी कमाल उंची दिलेली असते, ती न बघता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून खोकं उचलून आणलं तर बाजूचं झाकण लागत नाही आणि परत करताना वाद होतो. उंच रॅम असेल तर पुढचा पंखा तिच्यावर आदळतो. वजनही बघावं: पंख्यांसह एनएच-डी१५ सव्वा किलोच्या पुढे जातो. गाव बदलताना संगणक ट्रकने पाठवायचा असेल तर असा कूलर उतरवून ठेवलेला बरा.

पाण्याने थंड करणारे, म्हणजे ‘एआयओ’ कूलर जास्त शांत नाहीत का? जिथे सतत दोनशे वॅटच्या वर उष्णता निघते तिथे त्यांना अर्थ आहे, कारण त्यांचा रेडिएटर मोठा असतो आणि पाणी तापायला वेळ घेतं. पण त्यातला पंप सतत चालू असतो. काहीच काम नसताना, रात्री, नेमका त्याचाच बारीक सूर उरतो. टॉवर कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग आहे, पंखा, आणि तो घरी बदलता येतो. पंप गेला तर अख्खा संच जातो. नॉक्टुआने २०२१ मध्ये एनएच-पी१ नावाचा बिनपंख्याचाही कूलर काढला, पण त्याला मध्यम उष्णतेचा प्रोसेसर आणि हवेशीर कॅबिनेट लागतं. मे महिन्यातल्या चंद्रपूरसाठी तो धाडसच ठरेल.

कोणी म्हणेल, डोक्यावर छताचा पंखा घरघरत असताना संगणकाचा आवाज ऐकतो कोण? छताचा पंखा एकसुरी असतो, म्हणून दहा मिनिटांत कान त्याला विसरतो. संगणकाचा पंखा त्रास देतो तो चढ-उतारांमुळे. ब्राउझरमध्ये एक जड पान उघडलं की चिप क्षणात पंधरा-वीस अंश वर जाते, पंखा दचकून धावतो, दोन सेकंदांनी थांबतो, पुन्हा धावतो. धातूचा एवढा मोठा गोळा इतक्यात तापलेलाही नसतो. पंख्याची ही धावपळ वायाच जाते. यावरचा उपाय बायॉसमधल्या फॅन कर्व्हमध्ये आहे. चार पिनांच्या पंख्याला ७० अंशांपर्यंत एकाच मंद वेगावर ठेवावं, त्यापुढे हळूहळू चढू द्यावं, आणि प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर लावावा. नवा कूलर न घेता एवढ्यानेच पुष्कळांची तक्रार मिटते.

राहिली कॅबिनेटची गोष्ट. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात सीपीयू ठेवायची आपल्याकडे फार पद्धत आहे; तिथे कूलर आपलीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो. पुढे काच लावलेली दिखाऊ कॅबिनेटंही हाच गुन्हा करतात. त्यात धूळ. पट्ट्यांमध्ये धुळीचा नमदा बसला की मोठ्या कूलरचा छोटा होतो. वर्षातून दोनदा, पंख्याची पाती बोटाने धरून, ब्लोअरने ती उडवावी. आणि नव्या कूलरसाठी पाकीट काढण्याआधी एक चाचणी करावी: जड काम चालू ठेवून कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढायचं आणि दहा मिनिटं तापमान बघायचं. ते बरंच उतरलं तर दोष कूलरचा नाही. जागचं हललं नाही तर धूळ आणि पेस्ट तपासायची, आणि मगच टेप घेऊन कॅबिनेटची आतली रुंदी मोजायला बसायचं.